हे घरचं, हे धंद्याचं: म्हापशातल्या एका सीए ऑफिसबद्दल

पाचपैकी चार तारे देते. नाव लिहीत नाही, कारण सीएंच्या जाहिरातीवर त्यांच्या संस्थेचे निर्बंध असतात. मी लिहिणार म्हटल्यावर सरांनीच सांगितलं, "वहिनी, लिहायचं तर लिहा, पण नाव आणि फोन नंबर नको." म्हापशाच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हे ऑफिस आहे. पेडणे-बार्देशात घरच्या खोल्या पर्यटकांना देणाऱ्या बऱ्याच जणांना ते ठाऊक आहे. मलाही हरमलच्या एका होमस्टेवालीनेच पाठवलं.

आमची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मांद्र्याला सासऱ्यांचं घर आहे. ते वारले, आता घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि पणजीला कॉलेजात जाणारा मुलगा. मागच्या अंगाला दोन खोल्या न्हाणीघरासकट नीट करून घेतल्या आणि पर्यटन खात्याकडे नोंदणी करून पर्यटकांना देतो. सकाळचा नाश्ता आमचा, बाकी जेवण त्यांनी बाहेर घ्यायचं. धंदा माझ्या नावावर. नवऱ्याची तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. खोल्यांचे वर्षाला नऊ लाखांच्या आसपास येतात. ऐकायला बरे वाटतात, पण त्यातून काय काय जातं ते ज्याच्या घरी पाहुणे उतरतात त्यालाच माहीत.

माझे दीर पुण्याला असतात आणि त्यांना सगळं येतं. त्यांनी एका ऑनलाइन कंपनीचं पॅकेज सुचवलं. रिटर्न भरून देतो, शिवाय घरखर्च धंद्यात बसवून कर वाचवून देतो, अशी त्यांची जाहिरात होती. मी माहिती पाठवली, त्यांनी कच्चं रिटर्न करून पाठवलं. ते वाचून मला घाम फुटला. आमची गाडी पूर्ण धंद्याची. घराचं वीजबिल पूर्ण धंद्याचं. मुलाचा लॅपटॉप धंद्याचा. चौघांचे मोबाइल, किराणा, गॅस, अगदी भाचीच्या लग्नाला हैदराबादला गेलो तो प्रवाससुद्धा 'व्यवसायवृद्धी' म्हणून. नऊ लाखांतून नफा उरला साठ हजार. फोनवर विचारलं तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, सगळे असंच करतात." सही न करता ते कागद पिशवीत घातले आणि म्हापशाला गेले.

सरांनी कागद हातात घेतलेसुद्धा नाहीत. पहिला प्रश्न विचारला, "लग्नाआधी काही करार केला होता का?"

लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेल्या बाईला कराचा सल्लागार हे का विचारतो, ते गोव्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा अर्धा वाटा. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण नवऱ्याच्या नावची जमीन विकायची तरी बायकोची सही लागते. पण याच कारणाने आयकर कायद्यात कलम ५-अ आहे, हे मला माहीत नव्हतं. १९९४ च्या वित्त कायद्याने ते घातलं आणि लागू केलं मागे जाऊन १९६३ पासून. अर्थ सरळ आहे. पगार ज्याचा त्याचा. बाकी धंद्याचा नफा, भाडं, व्याज, जे काही असेल ते दोघांमध्ये निम्मं निम्मं वाटायचं आणि ज्याने त्याने आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. आवडीनिवडीचा प्रश्न नाही. खोल्यांची नोंदणी माझ्या नावावर, बँक खातं माझं, पहाटे उठून पोहे मी परतते, तरी निम्मा नफा आमच्या ह्यांचा.

मग सरांनी कागदावर आकडे मांडले. माझ्या वहीप्रमाणे, म्हणजे जे खर्च मला सरळ दिसत होते ते वजा करून, नफा पाच लाख. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे पूर्ण पाच लाख माझ्या एकटीचे धरले तर मला कर नाहीच. जुन्या प्रणालीतही पाच लाखांपर्यंत शून्यच. मग त्या ऑनलाइन कंपनीने साठ हजारांवर आणून नेमका कोणता कर वाचवला? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आग होती नवऱ्याच्या रिटर्नमध्ये. त्यांचा पगार वर्षाला अकरा लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली की सव्वा दहा. त्यात माझ्या नफ्याचा अर्धा भाग, अडीच लाख घातला की पावणेतेरा लाख. बारा लाखांची रेघ ओलांडली की सवलत गेली, आणि मग चार लाखांच्या वरच्या सगळ्यावर कर लागतो. चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारावर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या ७५,००० वर १५ टक्के म्हणजे ११,२५०. एकूण ७१,२५०, त्यावर ४ टक्के सेस धरून ७४,१००. आणि कंपनीच्या कच्च्या रिटर्नमध्ये ही वाटणी दाखवायची ५-अ ची अनुसूची कोरी होती.

एक सांगून ठेवते. हे कलम सगळ्यांना महाग पडतं असं नाही. ज्या घरात नवऱ्याचं दुकान आहे आणि बायको घर सांभाळते, तिथे त्याच्या पंधरा-वीस लाखांच्या नफ्याचे दोन भाग होतात आणि कर बराच उतरतो. ज्यांना मुंबई-पुण्याचे सल्लागार आहेत त्यांनी एवढं तरी विचारून घ्यावं. आमच्या घरात एक पगारदार आणि एक धंदेवाली, म्हणून आम्हाला उलटं लागलं.

तेव्हा खरा प्रश्न असा होता की माझ्या वहीत न आलेला, पण कायद्याने चालणारा खर्च किती आहे. इथे या ऑफिसचं काम मला मनापासून आवडलं. सरांनी एक तरुण मुलगी नेमून दिली. तिने माझ्यासमोर बसून एकेक बिल दोन ढिगांत टाकलं. नियम तिने एका वाक्यात सांगितला. जो खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झाला तोच धंद्याचा, आणि घराचा एक भाग राहायला, एक भाग धंद्याला असेल तर धंद्याच्या भागापुरतं मोजून घ्यायचं. 'मोजून' या शब्दावर तिचा भर होता. अंदाजे निम्मं, असं तिथे चालत नाही.

वीजबिल घ्या. घराला मीटर एक, आणि एसी फक्त पाहुण्यांच्या खोल्यांत. मी म्हटलं ऐंशी टक्के तरी त्यांचंच असणार. तिने विचारलं, कशावरून? पाहुणे नसलेल्या जुलैचं बिल आणि भरलेल्या डिसेंबरचं बिल शेजारी ठेवून यंदापुरतं प्रमाण काढलं, ते माझ्या अंदाजापेक्षा कमी निघालं. आणि लगेच सांगितलं, इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या दोन खोल्यांना सबमीटर बसवा, महिन्याच्या एक तारखेला आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी वाद नाही. इंटरनेटचाही धंद्याच्या भागापुरताच वाटा धरला. खोल्यांना रंग दिला तो दुरुस्तीत बसला. न्हाणीघरातलं नवीन काम मात्र एका वर्षाचा खर्च होत नाही, ते भांडवली.

पण ते भांडवली काम घसाऱ्यात, म्हणजे किमतीचा थोडा थोडा भाग दरवर्षी खर्चात, धरायचं तर घर कोणाचं हा प्रश्न आला. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं कोर्टातलं काम, झालेली नाही. अर्धा वाटा सासूबाईंचा, उरलेल्यात आम्ही आणि दीर. सर म्हणाले, वारसाचं काम कोर्टात पुरं करून घ्या, तोवर इमारतीच्या घसाऱ्याला मी हात लावत नाही. दोन एसी, पलंग, कपाटं आणि इन्व्हर्टर मात्र माझ्या खात्यातून घेतलेले, ते घेतले. एसीला १५ टक्के, फर्निचरला १० टक्के. त्यातही एक गंमत. एसी दसऱ्यानंतर बसवले, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या वस्तूला निम्माच घसारा मिळतो. सीझन ऑक्टोबरला सुरू होतो म्हणून आपण सगळी खरेदी तेव्हाच करतो, आणि करवाले वर्ष एप्रिलला सुरू करतात. पलंगांचे पैसे सुतार मेस्ताला रोखीने हवे होते, मी बँकेतून दिले होते ते बरं झालं. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर तो खर्च धंद्यात धरता येत नाही.

आता स्वयंपाकघर. तिथे त्या मुलीने माझी चांगलीच उलटतपासणी घेतली. "पाहुण्यांना नाश्ता देता ना? मग बांगडे कोण खातं?" नुस्त्यांचा सगळा खर्च एका फटक्यात घरच्या ढिगात गेला. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, रोज घेतलेले पाव, अंडी, पोहे, केळी, चहा-साखर, हे पाहुण्यांच्या रात्रींप्रमाणे मोजलं. पोदेर कुठला बिल द्यायला! त्यावर उपाय साधा आहे. तारीख, माल, रक्कम आणि सही असलेलं व्हाउचरांचं बुक ठेवायचं, आणि रोज लिहायचं, मार्चमध्ये एका रात्री बसून नाही. माझ्यासमोर दुसऱ्या एका गृहस्थांचं बुक होतं, बाराही महिन्यांची शाई एकाच पेनाची. ते सरांनी परत केलं.

गॅसचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. ऑनलाइन कंपनीने घरगुती सिलिंडर धंद्याच्या खर्चात लावले होते. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायलाच परवानगी नाही, त्याला १९ किलोचा व्यावसायिक लागतो. म्हणजे तो खर्च लिहिणं म्हणजे आपल्याच हाताने कबुलीजबाब देणं, आणि कायद्याने मनाई असलेल्या गोष्टीवरचा खर्च वजा होतच नाही. आता व्यावसायिक सिलिंडर आणि नाश्त्याची वेगळी शेगडी आहे. महाग पडतं, पण हिशेब स्वच्छ झाला.

गाडी जवळजवळ पूर्ण बाहेर गेली. नवरा तिने कामाला जातो. म्हापशाला पाहुण्यांच्या चादरी, साबण वगैरे आणायला जाते तेवढं पेट्रोल डायरीत लिहून दाखवलं तर घेऊ म्हणाले. "दाबोळीच्या किंवा मोपाच्या विमानतळावर पाहुण्यांना आणायला जाता का? पैसे घेता का?" हेही विचारलं. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत हे इथे टॅक्सीवाले शिकवतातच, आम्ही त्या भानगडीत नाही. मुलाचा लॅपटॉप घरी गेला. हैदराबाद घरी गेलं. दिरांनी फोनवर अजून एक युक्ती सांगितली होती, चवथीला पाहुणे गणपतीच्या वर बांधलेली फळापानांची माटोळी बघायला येतात, तर चवथीचा खर्च धंद्यात टाका. हे मी सरांना सांगितलंच नाही, पण सासूबाईंनी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "गणपतीला भागीदार करायचा असेल तर त्याचं पॅन कार्ड आणा." मग गंभीर होऊन दाखवलं की उत्पन्न मुद्दाम चुकीचं दाखवलं असं ठरलं तर कराच्या वर २०० टक्के दंड बसतो.

सासूबाई बरोबर आल्या होत्या त्याला कारण होतं. रोजच्या नाश्त्याचं निम्मं काम त्या करतात. मी कधी त्याचा विचारच खर्च म्हणून केला नव्हता. घरच्या माणसाला पैसे कसले द्यायचे? सर म्हणाले, काम खरं आहे, तर पगार द्या. बाहेरच्या बाईला जेवढा द्याल तेवढाच, त्याहून जास्त नको, नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त दिलेलं आयकर खातं नाकारू शकतं. दर महिन्याला त्यांच्या बँक खात्यात, आणि कामाचं एक साधं पत्र. हे मागच्या तारखा घालून करता येणार नाही, असंही बजावलं. सुदैवाने मी त्यांना औषधपाणी आणि हातखर्च म्हणून दरमहा आठ हजार खात्यावरच पाठवत होते. सर त्यावर अडले. हातखर्च म्हणून पाठवलेत की कामाचे म्हणून? एकेक नोंद बघितली. वर्षभर ज्या नोंदींवर सासूबाईंनीच 'नाश्ता' असं माझ्या वहीत लिहून सही केली होती (त्यांना हिशेबाची हौस आहे, सातवी शिकलेल्या आहेत आणि माझ्यापेक्षा चोख लिहितात), त्या बघून मान्य केलं. वर्षाचे ९६,०००. त्यांचं दुसरं उत्पन्न नाहीच्या बरोबर, त्यामुळे त्यांना कर नाही. सासूबाई घरी परतताना बसमध्ये सगळ्या बायकांना सांगत होत्या की मी आता नोकरीला आहे.

हेच मी नवऱ्याला पगार देऊन का करू शकत नाही, असंही विचारून घेतलं. नवरा-बायकोतला असा पगार बहुतेक वेळा धंदेवाल्याच्याच उत्पन्नात परत मिसळतात, जोडीदाराकडे त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण असेल तर गोष्ट वेगळी. आणि रात्री आठला दमून येणारा माणूस माझ्या होमस्टेचा मॅनेजर आहे हे कोण मानेल?

शेवटी नफा आला तीन लाख तीस हजारांच्या आसपास. निम्मा नवऱ्याकडे गेला, त्यांचं उत्पन्न अकरा लाख नव्वद हजार, बारा लाखांच्या आत. दोघांचाही कर शून्य. एकही खोटं बिल नाही.

आता कोणी जाणकार विचारेल, अंदाजित नफ्याच्या योजनेत का गेला नाहीत? मीही विचारलं होतं. कलम ४४-एडी खाली छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के, किमान नफा धरून मोकळं होता येतं, बिलांची कटकट नाही. सरांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, माझी वही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नफा सांगत असताना आठ टक्के लिहिणं त्यांना पटत नव्हतं. दुसरं, आम्हाला खोल्यांच्या वर मजला चढवायला कर्ज घ्यायचं आहे, आणि बँक रिटर्नमधला नफा बघते. वर्षाला बहात्तर हजार कमावणाऱ्या बाईला कोण कर्ज देईल? शिवाय ५-अ लागतं त्यांना तो सोपा 'सुगम' फॉर्म भरताच येत नाही. नवऱ्यालाही पगारदारांचा सोपा 'सहज' फॉर्म चालत नाही. दोघांचे मोठे फॉर्म, दोघांत ५-अ ची अनुसूची, टीडीएससुद्धा निम्मा निम्मा.

बुकिंगच्या वेबसाइटींचा घोळही यांनीच सोडवला. वेबसाइट कमिशन कापून उरलेले पैसे खात्यात टाकते. मी वहीत तेवढेच लिहीत होते. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात मात्र पूर्ण भाड्याची रक्कम दिसते, कारण वेबसाइटने ०.१ टक्का टीडीएस पूर्ण रकमेवर कापलेला असतो. दोन आकडे जुळत नाहीत, मग नोटीस. आता पूर्ण रक्कम जमेला आणि कमिशन खर्चाला. जीएसटीची नोंदणी मला लागत नाही, सेवेच्या धंद्याला वीस लाखांची मर्यादा आहे, आणि वेबसाइटवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी वेबसाइटच भरते.

फी दोघांची मिळून सात हजार. बिलं दोन दिली. माझ्या रिटर्नचं माझ्या धंद्याच्या खर्चात जातं, नवऱ्याचं त्यांच्या खिशातून. तिथेही कात्री सोडली नाही. फी जुलैत भरून दिली, म्हणून ती पुढच्या वर्षात धरायची, हेही लिहून दिलं. पुढच्या वर्षापासून १ एप्रिल २०२६ ला लागू झालेला नवा आयकर कायदा बघायचा, कलमांचे आकडे बदलतील, ते आम्हीच सांगू म्हणाले.

एक तारा का कापला ते सांगते. फोन उचलत नाहीत. जुलैत तर अजिबात नाही, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, सासूबाईंना अर्ध्यात बसावं लागलं. बसायला चारच खुर्च्या. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत स्कूटरलासुद्धा जागा मिळत नाही. आणि ज्यांना घरखर्च सगळा धंद्यात जिरवून हवा आहे त्यांनी बसभाडं वाया घालवू नये, तिथून चहा पिऊन परत यावं लागेल. माझे दीर एकदा बोलून आले, आता पुण्याहून त्यांचे सल्ले जरा कमी येतात.

जाताना बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट, वेबसाइटींचे महिन्याचे हिशेब, नवऱ्याचा फॉर्म १६, पर्यटन खात्याचं नोंदणीपत्र आणि वीजबिलं घेऊन जा. लग्नाचा दाखला असेल तर तोही. मागतात.